जपानमधली गेम सेंटर्स का बंद पडत आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम सेंटर म्हणजे नेमकं काय? पाचिंको तेच ना?

नाही. पाचिंकोत लोखंडी गोळ्या उडवायच्या, जिंकलेल्या गोळ्यांवर बक्षीस घ्यायचं आणि ते बक्षीस बाहेरच्या खिडकीवर पैशात बदलायचं. त्याचं सगळं अर्थकारण जुगाराच्या अंगाने जातं. गेम सेंटरमध्ये तुम्ही नाणं टाकता आणि खेळता, पैसे परत मिळायचा प्रश्नच नाही. तिथली मुलं त्याला ‘गेसेन’ म्हणतात. आत साधारण पाच तऱ्हेची यंत्रं असतात: जॉयस्टिक आणि बटणांचे व्हिडिओ गेम, तालावर खेळायचे संगीताचे गेम, मेडलचे (भाड्याने घेतलेले बिल्ले टाकून खेळायचे) गेम, फोटो स्टिकर काढायची ‘पुरिकुरा’ आणि बाहुल्या उचलायची क्रेन. या पाचांचं एकमेकांतलं प्रमाण गेल्या चाळीस वर्षांत पार बदललं आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा धागा तिथेच जातो.

खरंच इतकी कमी झाली आहेत? टोकियोत तर जिकडे तिकडे दिसतात.

झाली आहेत. जपानच्या पोलीस खात्याकडे परवानाधारक गेम सेंटर्सची नोंद असते. 1986 साली ती 26,000च्या वर होती, 2019 साली जेमतेम 4,000 उरली. म्हणजे दर सहा-सात दुकानांमागे एक टिकलं, आणि हे कोरोना यायच्या आधीचं चित्र आहे.

टोकियोत दिसतात ती मोठ्या साखळ्यांची, स्टेशनजवळची, पाच-सहा मजली दुकानं. बंद पडली ती गल्लीतली, दहा-पंधरा मशीन्सची, मालक स्वतः गल्ल्यावर बसायचा ती. आकड्यातली घट मुख्यतः त्यांची आहे. टोकियोतला गेम-इलेक्ट्रॉनिक्सचा भाग असलेला अकिहाबारा पाहून परत आलेल्या माणसाला ‘कुठे काय बंद झालंय?’ असं वाटणं साहजिक आहे, कारण जे बंद झालं ते पर्यटकाच्या वाटेवर कधी नव्हतंच.

हे सगळं सुरू कुठून झालं?

डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरून. 1955 साली मासाया नाकामुरा यांनी योकोहामातल्या एका स्टोअरच्या गच्चीत लहान मुलांसाठी दोन लाकडी घोडे बसवले. त्यांची ती छोटी कंपनी पुढे नामको झाली आणि 1980मध्ये तिने पॅक-मॅन काढला.

पण स्फोट झाला तो 1978मध्ये. टाइटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि कॉफीच्या दुकानांनी साधी टेबलं काढून काचेखाली स्क्रीन असलेली टेबलं लावली. कप एका बाजूला सरकवायचा आणि खेळायचं. फक्त याच एका गेमची यंत्रं मांडून बसलेली दुकानं निघाली. तेव्हा देशात 100 येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ती दंतकथाच आहे. त्या वर्षांत टांकसाळीने नाणी पाडण्याचं प्रमाण वाढवलेलं दिसत नाही.

मग बंद पडण्याचं मुख्य कारण काय? मोबाइल?

मोबाइलने हातभार लावला, पण माझ्या मते खरं कारण ते 100 येनचं नाणंच आहे. हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

1970च्या दशकाच्या अखेरीस एका खेळाला 100 येन पडायचे. आजही बहुतेक ठिकाणी 100 येनच पडतात. चाळीसहून जास्त वर्षं भाव तोच. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राची ही अडचण आहे. चहावाला दहाचा चहा बाराला करू शकतो. पण 100 येनच्या खाचेत 108 येन टाकता येत नाहीत. वाढवायचे तर एकदम 200 करावे लागतात, आणि भाव दुप्पट झाला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

आता त्यावर कर बसवून पाहा. जपानमध्ये उपभोग कर 1989 साली आला तेव्हा 3 टक्के होता. 1997मध्ये तो 5 टक्के झाला, 2014मध्ये 8 आणि ऑक्टोबर 2019मध्ये 10. इतर दुकानदारांनी प्रत्येक वेळी छापील किंमत वाढवून तो गिऱ्हाइकाकडून घेतला. गेम सेंटरच्या मालकाला तो त्याच 100 येनमधून काढून द्यावा लागला. सरळ हिशोब केला तर 3 टक्क्यांना त्याच्या हातात करापूर्वीचे 97 येन राहत होते, 10 टक्क्यांना 91 राहतात. भाडं, पगार, वीज हे सगळं त्या 91मधून भागवायचं. दिवसभर शेकडो यंत्रं चालू ठेवणाऱ्या धंद्यात विजेचं बिल ही किरकोळ बाब नसते, आणि 2022नंतर जपानमध्ये वीज चांगलीच महागली.

काहींनी वाटा काढून पाहिल्या. कोनामीने 2010मध्ये ‘पासेली’ नावाचा इलेक्ट्रॉनिक बटवा आणला. त्यामुळे 120 येन घेणं शक्य झालं, किंवा जास्त पैशांत जास्त गाणी देणं. पण नवी कार्ड रीडर बसवायची म्हणजे पुन्हा भांडवल आलं. ते साखळ्यांना परवडलं. गल्लीतल्या मालकाकडे तेवढी ऐपत नव्हती.

घरी कन्सोल आले म्हणून लोक जायचे थांबले, हे खोटं आहे का?

खोटं नाही, पण अर्धवट आहे. निन्तेन्दोचा फॅमिकॉम 1983मध्ये घराघरांत पोचला, तरी त्यानंतर दहा वर्षं गेम सेंटर्स जोरात होती. कारण घरच्या यंत्रावर जे दिसायचं ते गेम सेंटरसमोर अगदीच फिकं होतं. 1985मध्ये सेगाने ‘हँग-ऑन’ आणला, त्यात खऱ्या आकाराच्या मोटरसायकलवर बसून अंग झुकवावं लागायचं. तसलं घरी कसं आणणार?

उलटफेर झाला 1994च्या शेवटी, सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन आले तेव्हा. गंमत अशी की याला गेम सेंटरवाल्या कंपन्याच कारण झाल्या. नामकोचा ‘टेक्केन’ हा लढतीचा गेम ज्या बोर्डावर (यंत्राच्या आतल्या सर्किटवर) चालायचा तो बोर्ड प्लेस्टेशनच्याच भागांवर उभा होता, म्हणजे घरी हुबेहूब तोच गेम आला. सेगाचा 1998चा ‘नाओमी’ बोर्ड आणि ड्रीमकास्ट यांचं नातंही तसंच. बोर्ड स्वस्त पडतो, गेम घरच्या यंत्रावर पटकन नेता येतो, हिशोब बरोबर होता. पण ‘इथे जे आहे ते घरी नाही’ हा गेम सेंटरचा एकुलता एक हुकमी पत्ता त्यात गेला.

तरी बराच काळ लढतीचे गेम आधी गेम सेंटरमध्ये यायचे आणि मग घरी. ‘टेक्केन 7’ मार्च 2015मध्ये गेम सेंटरमध्ये आला, घरी 2017मध्ये. ‘टेक्केन 8’ मात्र जानेवारी 2024मध्ये थेट घरीच आला.

पोलिसांचा यात काय संबंध?

बराच आहे. 1984मध्ये करमणूक धंद्यांचा कायदा सुधारला गेला आणि फेब्रुवारी 1985पासून गेम सेंटर्स त्याच्या कक्षेत आली. शाळकरी पोरं बिघडतात, अशी त्यामागची ओरड होती. त्याआधी रात्रभर चालणारी दुकानं होती, ती मध्यरात्री बंद करावी लागली. परवाना सक्तीचा झाला. शाळा आणि इस्पितळांच्या जवळ नवा परवाना मिळणं अवघड झालं, त्यामुळे एखादं जुनं दुकान बंद पडलं की त्याच जागी दुसऱ्याने ते चालू करणं सोपं राहिलं नाही. मॉल किंवा हॉटेलात एकूण जागेच्या दहा टक्क्यांपर्यंत यंत्रं मांडली तर परवाना लागत नाही, ही सवलत मात्र राहिली. खेळ रस्त्यावरून मॉलमध्ये सरकला त्याचं हेही एक कारण.

या कायद्याने जागा सुरक्षित झाल्या, हे मान्य केलं पाहिजे. बायका, मुली, कुटुंबं आत येऊ लागली ती त्यानंतरच.

इंटरनेटने धंदा वाढायला हवा होता ना?

खेळणाऱ्याला फायदा झाला. कार्ड टेकवलं की तुमचं नाव, तुमची पातळी, तुमची गाडी सगळं समोर येतं, आणि ओसाकातला माणूस साप्पोरोतल्या माणसाशी खेळू शकतो. मालकाचा हिशोब मात्र बदलला. पूर्वी तो बोर्ड विकत घ्यायचा, आणि पैसे वसूल झाले की पुढचं प्रत्येक नाणं त्याचं असायचं. जुना, लोकप्रिय बोर्ड हे छोट्या दुकानाचं पेन्शन होतं. टाइटोने 2010मध्ये नेटवर्कवरून गेम पुरवायची व्यवस्था आणली, सेगानेही आणली. आता प्रत्येक खेळामागे कंपनीला वाटा जातो, कायमचा. वरच्या 91 येनमधून हा वाटाही वजा करा. संगीताचं एखादं मोठं यंत्र नवं घ्यायचं तर दहा लाख येनच्या पुढे जातं, ते वेगळंच.

कोरोनाने किती नुकसान केलं?

आधीच वाकलेल्यांना मोडलं. एप्रिल 2020मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि दुकानं बंद ठेवावी लागली. उघडल्यावरही माणसं येईनात, कारण कोणीतरी नुकताच हात लावलेली कळ धरणं हाच तर तिथला खेळ.

सगळ्यात मोठा धक्का सेगाचा. ऑगस्ट 2020च्या अखेरीस अकिहाबारातली तिची दुसरी इमारत बंद झाली. नोव्हेंबर 2020मध्ये सेगाने गेम सेंटर्स चालवणाऱ्या आपल्या कंपनीचे 85.1 टक्के शेअर जेंडा या कंपनीला विकायचं जाहीर केलं आणि जानेवारी 2022मध्ये उरलेलेही दिले. देशभरच्या दुकानांवरून सेगाच्या पाट्या उतरल्या, ‘गिगो’ नावाच्या लागल्या. सेगा गेम आणि यंत्रं अजून बनवते, पण दुकान चालवणं तिने सोडलं.

टोकियोतल्या इकेबुकुरोची, आधीपासूनच हेच नाव असलेली गिगो इमारत 1993पासून उभी होती. 20 सप्टेंबर 2021ला ती बंद झाली. तिथे कारण तोट्याचं नव्हतं, जागेचा करार संपला होता. शेवटच्या संध्याकाळी रस्ता भरून माणसं जमली होती. व्यवस्थापकाने दारात उभं राहून आभार मानले आणि शटर खाली येईपर्यंत लोक टाळ्या वाजवत राहिले. दोन वर्षांनी, सप्टेंबर 2023मध्ये, त्याच भागात गिगोने नवं मोठं दुकान उघडलं.

म्हणजे धंदा मेला नाही?

नाही, आणि इथेच बऱ्याच लोकांची गल्लत होते. ‘जपानची गेम सेंटर्स संपली’ असं सरसकट लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही. 2006च्या सुमारास या धंद्याची वर्षाची उलाढाल सुमारे 700 अब्ज येन होती. 2014पर्यंत ती 420 अब्जांच्या आसपास आली, आणि तिथून पुन्हा चढू लागली. दुकानं कमी होत असताना उलाढाल वाढली. ही वाढ आली क्रेनमधून.

सेगाचं ‘यूएफओ कॅचर’ 1985चं. आज उद्योगाची निम्म्याहून जास्त कमाई अशा क्रेनवर होते. कारणं सरळ आहेत. नवा गेम विकत घ्यावा लागत नाही, फक्त आतला माल बदलायचा. कंपनीला प्रत्येक खेळामागे वाटा द्यावा लागत नाही. आणि यातली बाहुली किंवा अॅनिमेची मूर्ती दुकानात मिळत नाही, ती फक्त क्रेनसाठीच बनवलेली असते. घरच्या कन्सोलला यावर उत्तर नाही. पोलिसांच्या नियमानुसार बक्षिसाची किंमत साधारण 800 येनपर्यंत ठेवावी लागायची, 2022मध्ये ती मर्यादा 1,000 झाली आणि मूर्ती आणखी देखण्या झाल्या.

आपल्या मॉलमधल्या क्रेनवरून तिथल्या क्रेनची कल्पना करू नका. सर्रास दिसणाऱ्या एका मांडणीत दोन समांतर दांडे असतात आणि त्यांवर खोका आडवा ठेवलेला असतो. पंजा तो खोका उचलूच शकत नाही, तेवढा जोर त्याला दिलेलाच नसतो. तुम्ही एका टोकाला पंजा लावून खोका थोडा फिरवायचा, मग दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा पहिल्या. आठ-दहा खेळांत तो तिरका होत होत दांड्यांमधून खाली जातो. 100 येनला एक डाव, 500 एकदम टाकले तर बहुधा सहा. खोका कुठेतरी विचित्र अडकला तर कर्मचाऱ्याला हाक मारायची. तो किल्लीने काच उघडतो, खोका सरळ करून देतो, आणि पुष्कळदा ‘इथे दाबा’ म्हणून जागाही दाखवतो.

मग हळहळ कशाची?

मूर्ती जिंकण्यात आनंद आहे, त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण क्रेनपुढे माणूस एकटा असतो. जे गेलं ते अनोळखी माणसाशी खेळणं होतं.

1991मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर 2’ आला आणि जपानी दुकानदारांनी दोन यंत्रं पाठीला पाठ लावून जोडली. तुम्ही एका बाजूला बसून खेळत असता, पलीकडे कोणीतरी नाणं टाकतं आणि स्क्रीनवर आव्हान येतं. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त हात ऐकू येतो: कळ किती जोरात फिरते, बटणं किती वेगाने वाजतात. हरला तो उठतो, जिंकला तो त्याच नाण्यावर बसून राहतो. चांगला खेळणारा 100 येनमध्ये तासभर बसायचा आणि हरणाऱ्यांची त्याच्यामागे रांग लागायची. मालकालाही ते परवडायचं, कारण प्रत्येक हरणारा आपलं नाणं टाकून उठायचा. लढतीच्या गेमांतला नामवंत खेळाडू दाइगो उमेहारा अशाच दुकानांतून तयार झाला. 2004मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेत जस्टिन वाँगचे लागोपाठचे सगळे वार त्याने एकेक करून अडवले आणि उलटून सामना घेतला. ती चित्रफीत आजही जगभर पाहिली जाते. त्या हातामागे अनोळखी लोकांशी घातलेले हजारो तास होते.

दुसरी गोष्ट वह्यांची. बऱ्याच दुकानांत एका कोपऱ्यात साधी वही आणि पेन ठेवलेलं असायचं. येणारा प्रत्येकजण त्यात लिहायचा: अमुक गेमच्या पाचव्या टप्प्यावर कसं जायचं, काल माझ्याशी कोण खेळलं, शनिवारी कोण येणार. कोणी चित्रं काढायचं, खाली दुसरा उत्तर द्यायचा. ‘गेमेस्ट’ नावाचं मासिक 1986पासून देशभरच्या दुकानांतले सर्वोच्च गुण छापायचं, त्यामुळे एखाद्या लहान गावच्या दुकानाचं नाव सगळ्या जपानला माहीत असायचं. मासिक 1999मध्ये प्रकाशकाच्या दिवाळखोरीबरोबर संपलं. आता हे सगळं ऑनलाइन होतं आणि जास्त वेगाने होतं. पण ऑनलाइनवर तुमच्यासमोर तुमच्याच पातळीचा माणूस आणून दिला जातो. गल्लीतल्या दुकानात कॉलेजचा पोरगा, कारकून आणि बारावीची मुलगी एकाच यंत्राभोवती यायची, कारण ते घराजवळ होतं. हे मिश्रण पुन्हा जुळवणं मला फार अवघड दिसतं.

आता तिथे कोण जातं?

दुपारी मेडलच्या मजल्यावर आजी-आजोबा दिसतील. मेडल भाड्याने घ्यायची, मेडल पुढे ढकलणाऱ्या यंत्रात टाकायची, जिंकलेली तिथेच जमा ठेवायची. ती बाहेर नेता येत नाहीत, पैशात बदलता येत नाहीत. बसायला आरामशीर खुर्ची आणि वेळ जायला साथ, एवढ्यासाठी कित्येकजण रोज येतात. संध्याकाळी ‘माइमाइ’सारख्या संगीताच्या गेमभोवती कॉलेजची मुलं असतात. क्रेनच्या मजल्यावर हल्ली परदेशी पर्यटक भरपूर.

जुन्या यंत्रांचं काय होतं?

काही संग्राहकांकडे जातात, पुष्कळ भंगारात. राखणं सोपं नाही. जाड काचेचे जुने मॉनिटर आता बनत नाहीत, म्हणून एक बिघडला की दुसऱ्यातून भाग काढावे लागतात. कॅपकॉमच्या एका जुन्या बोर्डात एक छोटी बॅटरी असते, तिच्या जोरावर गेम उलगडायची किल्ली शाबूत राहते. बॅटरी संपली की गेम सुरूच होत नाही. ती वेळेवर बदलणारे जाणकार आहेत, म्हणून हे गेम अजून चालतात.

नव्या गेमांची काळजी मला जास्त वाटते. ते सर्व्हरशिवाय अर्धेच असतात. कंपनीने सर्व्हर बंद केला की यंत्र धडधाकट असूनही त्यातले खेळाडू, नोंदी, कधीकधी गेमच नाहीसा होतो. 1980च्या दशकातला गेम 2014पासून चाललेल्या ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेमुळे घरी बसून खेळता येतो. 2010च्या दशकातल्या बऱ्याच गेमांच्या नशिबी तेवढंही नाही.

आपल्याकडच्या पार्लरशी याचा काही संबंध आहे का?

आहे. 1990च्या दशकात मुंबई-पुण्यात आणि एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये जो ‘मुस्तफा’ गाजला, तो कॅपकॉमचा 1993चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. आपल्याकडे आला तो बहुधा नकली बोर्डांवर, त्यामुळे त्याच्या जपानी कर्त्यांना त्या रुपयातलं काही पोचलं नसणार. एकाच यंत्राला तिघांनी खेटून उभं राहायचं आणि अनोळखी पोराने ‘मी पण येतो’ म्हणत टोकन टाकायचं, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना वरच्या पाठीला पाठ लावलेल्या यंत्रांबद्दल वेगळं समजावायला नको.

जपानला जाणार आहे. कुठे जाऊ?

जुने व्हिडिओ गेम हवे असतील तर दोन जागा सांगतो. अकिहाबारात टाइटोचं ‘हे’ (HEY) नावाचं दुकान, आणि ताकादानोबाबा स्टेशनजवळ ‘मिकादो’. मिकादोने 2020च्या टाळेबंदीत लोकवर्गणीतून स्वतःला सावरलं आणि अजूनही तिथे तीस वर्षांपूर्वीच्या गेमांच्या स्पर्धा होतात. कावासाकीतलं हाँगकाँगच्या जुन्या वस्तीसारखं सजवलेलं ‘वेअरहाउस’ शोधू नका. ते नोव्हेंबर 2019मध्ये बंद झालं, जुन्या प्रवासलेखांत मात्र अजून सापडतं.

100 येनची नाणी खिशात ठेवा, नाहीतर नोट सुटी करून देणारं यंत्र प्रत्येक मजल्यावर असतं. मुलं बरोबर असतील तर वेळ पाळा: सोळाच्या आतल्यांना संध्याकाळी सहानंतर एकट्याने थांबता येत नाही, पालक असतील तर बहुतेक ठिकाणी रात्री दहापर्यंत चालतं. सिगारेटच्या धुराची भीती बाळगू नका, एप्रिल 2020पासून आत धूम्रपानाला बंदी आहे. कोणी खेळत असेल तर पलीकडच्या बाजूला बसून खुशाल नाणं टाका. परवानगी विचारावी लागत नाही, आणि हरलात तर उठून पुढच्याला जागा द्यायची.